अकरा नावं हलेनात

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

प्रतिभा काम सोडून गेली. नऊ वर्षं माझ्या दुकानात डिझाइनला होती. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला. म्हणून म्हणत होती, "काका, आठवड्यातले तीन दिवस घरून करते. फाईल पाठवीन, प्रिंट लखनभाऊ काढतील."

मी म्हटलं, "घरून कसलं दुकान, बाई?" एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण काउंटरला दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि गिऱ्हाईक समोर असलं की माझी जीभ जरा जास्तच चालते. म्हटलं, "आणि असं काय अवघड आहे त्यात? माउस धरायचा, चौकट ओढायची, हलवायचं. महिन्याभरात मी शिकतो."

तिने हातातलं काम पुरं केलं, संगणक बंद केला, किल्ली काउंटरवर ठेवली. "शिका मग, काका," म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

शाईवाला दर वर्षी ही डायरी देतो आणि दर वर्षी मी ती कुणाला तरी देऊन टाकतो. या वर्षी ठेवली. शिकलेलं रोज टिपून ठेवणार. सायखेड्याहून एक ब्रश घेऊन नाशकात आलो होतो, द्वारका चौकात ट्रकच्या पाठी रंगवल्या, आणि आज तिथेच दोन मशीनचं फ्लेक्सचं दुकान आहे. चौकटीचं काय एवढं!

बुधवार, ८ जानेवारी

पडद्यावर रिकाम्या जागी माउस दाबायचा आणि तिरका ओढायचा. तुटक रेघांची चौकट उमटते. बोट सोडलं की गायब.

सहा वेळा काढली, सहा वेळा गेली. वाटलं, रंग पातळ असावा तशी काहीतरी भानगड आहे. लखनला हाक मारली. लखन माझ्याच वयाचा, मशीनवर असतो, सुपारीशिवाय बोलत नाही. म्हणाला, "शेठ, ती राहायला नसतेच. ती पकडायला असते. आत जे सापडेल ते धरायचं आणि आपण निघून जायचं."

बोर्ड रंगवताना आम्ही खडूचं सूत मारायचो, अक्षरं झाली की पुसायचो. तेव्हा ही गोष्ट मला नवी नाही. पण सूत मी मारायचो आणि मीच पुसायचो. इथे मला न विचारता पुसलं जातं.

शुक्रवार, १० जानेवारी

आज नियम कळला. वस्तू अख्खी चौकटीत आली तरच धरली जाते. नखभर बाहेर राहिली तर नाही.

हे कळलं ते असं. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. साहेबांचा फोटो, फेटा, हार, नाव, सगळं थोडं डावीकडे न्यायचं होतं. चौकट ओढली, हलवलं. फेटा गेला, हार गेला, नाव गेलं. साहेब तिथेच. त्यांचा एक माणूस काउंटरला टेकून बघत होता. म्हणाला, "काय हो, साहेबांचं तिकीट कापलं का?"

मग चौकट मोठी ओढली. तर मागचा भगवा पडदाही सोबत निघाला आणि साहेब पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. लहान ओढली तर अपुरी, मोठी ओढली तर नको ते सगळं. मधली काही हाताला जमेना. या हाताने मी शिडीवर उभं राहून, खाली वाहनं धावत असताना फूटभर अक्षरं काढली आहेत.

माझे कान तिखट आहेत, धंदा मी कानांवरच उभा केला. गिऱ्हाईक आपसात काय कुजबुजतं ते मला काउंटरमागे ऐकू येतं. आज एक जोडपं दारातच म्हणत होतं, "ती ताई नाही दिसत. मग नंतर येऊ." हल्ली लोकांना वेळेची किंमतच नाही.

सोमवार, १३ जानेवारी

आज काही बिघडलं नाही. आज काही केलंही नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

सायखेड्याहून बहिरू आप्पा आले. गावातलं मोठं घर. मी रंगवलेली पहिली ट्रॅक्टरची ट्रॉली यांचीच, त्यामुळे आप्पांनी काही सांगितलं की मी अजून दहा-बारा वर्षांचा होतो.

२ फेब्रुवारीला त्यांच्या सगळ्या भावकीचा मेळावा आहे, नदीकाठच्या खंडोबाच्या देवळात. तिथे वीस बाय दहाचा वंशावळीचा फ्लेक्स लावायचा. प्रतिभाने डिसेंबरातच तो करून ठेवला होता. मागे फिकट डोंगर, पुढे तपकिरी झाड, हिरवी पानं, प्रत्येक पानावर एक नाव. एकशे त्रेचाळीस पानं.

आप्पा म्हणाले, "झाड झ्याक हाय. पर उजव्या अंगाला खंडेरायाचा फोटू मोठा पायजे. झाडाला जरा डावीकडं दाब." मग चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. "आन् ही कुसाबाई कुणी घातली रं?"

"तुमची बहीण ना, आप्पा?"

"बहीण हाय. पर ती चांदोरीला दिली. लेकींची नावं वंशावळीत नसत्यात, तुला माहीत नाय का? त्यांची नावं त्यांच्या सासरच्या झाडावर." त्यांनी बोट फिरवत मोजलं. "अकरा हायत. काढून टाक. जागा बी हुईल."

दुकानात चार माणसं होती. मी मोठ्याने म्हटलं, "दोन मिनिटांचं काम, आप्पा."

शुक्रवार, १७ जानेवारी

अख्ख्या झाडाभोवती भली मोठी चौकट ओढली. काही सुटू नये म्हणून चारही बाजूंना वीत-वीत जागा सोडली. डावीकडे ओढलं. खोड गेलं, फांद्या गेल्या, पानं गेली. अकरा पानं जागच्या जागी राहिली.

कुठली? तीच. लेकींची.

मागे घेतलं, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. नऊ वेळा केलं. दर वेळी सगळे बापे सरकतात आणि या बाया हवेत उभ्या. मग म्हटलं, नाहीतरी काढायचीच आहेत. फक्त कुसाबाईच्या पानाभोवती चौकट ओढली, डिलीट दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. लखन म्हणाला, "शेठ, बटण फुटंल. नाव नाय फुटणार."

शनिवार, १८ जानेवारी

एक गोष्ट सापडली. कुठल्याही पानावर टिचकी मारली की त्याच्या कडेने आठ बारीक काळे चौकोन येतात. या अकरांवर मारली तर चौकोन येत नाहीत. त्यांच्या जागी आठ बारीक पर्स येतात. खाली पिशवी, वर कडी.

बायकांची नावं म्हणून पर्स? असं कुठे असतं? लखनला दाखवलं. तो चष्मा घरी विसरला होता. डोळे बारीक करून म्हणाला, "मला तर तांब्या वाटतो."

संगणक दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणतो व्हायरस असेल. फक्त बायकांना लागणारा व्हायरस?

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "प्रतिभाला विचारा की. फोन आहे ना हातात?"

"कशाला? एवढ्याशा गोष्टीला?"

"एवढीशी आहे तर आठवडाभर जेवणात लक्ष का नाही तुमचं?" आणि वाढायचं थांबवून बघत राहिली. मी बायकोकडे आणखी एक भाकरी मागितली.

मंगळवार, २१ जानेवारी

आज कुसाबाई स्वतः आली. सत्तरी केव्हाच उलटली असेल. चांदोरीहून बसने एकटी, पिशवीत ओला हरभरा. तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ती पोरगी कुठंय?"

"ती नाही येत आता. मीच करतो."

"तू?" तिने मला नीट न्याहाळलं. "तू तुकाराम सुताराच्या शेजारचा ना? ट्रॉल्या रंगवायचा?" मग म्हणाली, "माझं नाव हाय ना त्यात? तिनं सांगितलंय मला, आत्या, घातलंय म्हणून."

आता तिला काय सांगू? काढायचं होतं पण निघत नाही, असं? म्हटलं, "आहे की." आणि दाखवलं. नेमकं झाड डावीकडे सरकलेलं होतं आणि उजवीकडे ही अकरा पानं नुसती हवेत तरंगत होती. तिला वाचता येत नाही, पण दिसतं.

"ह्यातलं कोंचं माझं?"

मी बोट ठेवलं.

"आन् झाड तिकडं का?"

"ते... सरकलंय जरा."

"हां," ती म्हणाली. एवढंच. खुर्चीवर बसून पाणी प्यायली आणि गेली. हरभरा ठेवून गेली. चांगला होता, पण मला काही तो गोड लागला नाही. सर्दी झाली असावी.

शुक्रवार, २४ जानेवारी

चौकट नाही तर नाही. झाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. म्हटलं, नावावर त्याच हिरव्या रंगाचं ठिगळ ठेवू. ठेवली अकरा. नावं गेली, पण कोरी पानं राहिली, फांदीशिवाय, हवेत. पांढरी ठिगळं केली तर मागच्या डोंगराच्या चित्राला भोकं पडल्यासारखी दिसायला लागली. लखन म्हणाला, "बाया गेल्या, पर जागा सोडीनात."

आप्पांचा फोन आला. "झालं का रं?"

"शेवटचा हात फिरवतोय, आप्पा."

"दोन मिन्टाचं काम म्हणला व्हतास. दोन मिन्टं लय लांबली."

फोन ठेवला आणि संगणकाला सायखेड्याच्या भाषेत चार शब्द ऐकवले. काउंटरला शाळेच्या बाई उभ्या होत्या. त्यांना वाटलं त्यांनाच. त्याही गेल्या.

सतरा दिवसांत मी काय शिकलो याची यादी करायला बसलो होतो. चौकट ओढता येते. पुढचं लिहायला काही सुचेना.

मंगळवार, २८ जानेवारी

पंचवटीत गेलो. पेशंटला बघायला म्हणून. मोसंबी नेली.

प्रतिभाचं घर भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर. ती सासूबाईंना पेज भरवत होती. "या काका," म्हणाली, जणू मी कालच येऊन गेलो होतो.

आतून सासूबाई ओरडल्या, "कोण आलंय गं?"

"दुकानातले काका."

"चौकटवाले का?"

प्रतिभा खाली बघत पेज ढवळायला लागली. मी खुब्याची चौकशी केली, ऑपरेशनची केली, डॉक्टरांची केली. खुब्याबद्दल आणखी काही विचारायचं उरलं नाही तेव्हा म्हटलं, "ते एक सहज... सायखेड्याची वंशावळ आहे ना. त्यातली काही नावं चौकटीत येत नाहीत."

"कोपऱ्यांवर कुलूप दिसलं नाही?"

"ते कुलूप आहे?"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही."

तिने वाटी खाली ठेवली. "मी लावलंय. कुलूप लावलं की चौकटीत येत नाही, हलत नाही, पुसत नाही. कुसाआत्या डिसेंबरात दोनदा आल्या होत्या, काका. तुम्ही काउंटरलाच होता. म्हणाल्या, बाप गेल्यावर भावांनी कागद पुढे केला, मी अंगठा दिला. जमीन सोडली, विहीर सोडली, कधी काही मागितलं नाही. आता नुसतं नाव राहू दे. आणि एकटं माझंच नको, बाकीच्या पोरींचंही घे."

हे मी ऐकलं होतं. आता आठवलं. तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला रंग समजावत होतो.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही आप्पांना कधी नाही म्हणाला आहात?"

यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण मोसंबीवाल्याने सुटे दिले नव्हते ते आठवलं आणि मी उठलो. तिने कागदावर लिहून दिलं: पानावर उजवं बटण, मग यादीतलं अमुक, की कुलूप उघडतं. म्हटलं, "तूच का नाही करून देत? इथे लॅपटॉप आहे."

"तुम्ही करा. महिना होत आलाय ना?"

"आणि ठेवायचं की काढायचं?"

"ते त्या कागदावर नाही लिहिलं, काका."

जिना उतरलो. खाली रिक्षा आणि हातगाड्या एकमेकांत अडकल्या होत्या, कुणालाच पुढे जाता येत नव्हतं. तिथे उभ्या उभ्या मला एक कल्पना सुचली. परत वर गेलो. "प्रतिभा, आठवड्यातले तीन दिवस तू घरून काम कर. फाईल पाठव, प्रिंट लखन काढेल. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय."

ती म्हणाली, "चांगलं सुचलं, काका."

आतून आवाज आला, "चौकटवाले गेले का गं?"

शेवटी धंद्यात डोकं लागतं. हिला सांगितलं तर ही नुसती हसली.

गुरुवार, ३० जानेवारी

ठिगळं काढून कुलपं उघडली. एकेक करून, अकरा. मग उजवीकडच्या मोकळ्या जागेत चौकट ओढली. या वेळी सगळ्या आल्या. कुसाबाई, शकुबाई, हर्षाली, दिशा, थोरल्या धाकट्या सगळ्या एका चौकटीत, कडेने काळे चौकोन, पर्स नाही. तेवीस दिवसांत पहिल्यांदा ही चौकट माझ्या मनासारखी वागली.

डिलीटवर बोट ठेवलं.

मग विचार केला, काढली तर फांद्यांवर अकरा टोकं उघडी पडणार. ती झाकायला पुन्हा चौकटी कोण ओढणार? म्हणून ठेवली. दुसरं काही कारण नाही. खंडोबाचा फोटो थोडा लहान केला, देवाला त्याचं काय. प्रत्येकीला तिच्या भावांच्या रांगेत नेऊन बसवलं, जिथे जागा दिसली तिथे. दुपार गेली. मान धरली. पण बसल्या.

मग आप्पांना फोन केला. चाळीस वर्षांत या माणसाला मी नाही म्हटलेलं नाही.

"आप्पा, ती नावं निघत नाहीत."

"म्हंजी?"

"प्रोग्रामच तसा आहे. एकदा पान फांदीला बसलं की बसलं. ओढून काढलं तर सगळा वंश उडतो. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा तुम्हीसुद्धा गेलात."

"मी बी?"

"तुम्ही, तुमची पोरं, नातवंडं. पांढरं फटक."

"मग ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "हात नको लावू."

लखन दारात उभा राहून ऐकत होता. सुपारी चघळायची थांबली होती. "शेठ," म्हणाला, "आता आलं तुम्हाला कॉम्प्युटर."

रविवार, २ फेब्रुवारी

सायखेड्याला जाऊन आलो. फ्लेक्स देवळाच्या मंडपात आडवा लावला होता. भाषण चालू होतं, पण ऐकत कुणी नव्हतं. सगळ्या माहेरवाशिणी फ्लेक्सपुढे. दर वर्षी या स्वयंपाकाकडे असतात, आज भाकऱ्या तशाच टाकून आल्या होत्या. एक वाचून दाखवत होती, दुसरी बोट लावत होती, तिसरी मोबाईलवर फोटो काढत होती. "ए, ही मी! ही बघ मी!" पुरुषमंडळींना पुढे यायला वाट नव्हती.

आप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "उडालं असतं म्हणतोस?"

"सगळं, आप्पा."

"हं."

एवढ्यात कुसाबाईने माझं मनगट धरलं. "मला दाव."

नेलं. म्हटलं, "ही तुमच्या भावंडांची फांदी. हे बहिरू आप्पा, हे दगडू, हे किसन, आणि हे टोकाचं पान तुमचं."

तिने पानावर हात फिरवला. वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. मी तयारीत होतो.

"टोकाला?" ती म्हणाली.

"हो, इथे जागा..."

"मी थोरली हाय. समद्यांच्या आधी मी. ह्या बहिऱ्याला कडंवर घिऊन फिरले मी. माझं पान पयलं पायजे!"

बाजूला होऊन प्रतिभाला फोन लावला. "कुसाआत्या तुझ्या फाईलमध्ये कुठे होत्या?"

"पहिल्या. तुम्ही हलवलंत?"

"थोडंसं."

तिच्या मागे सासूबाईंना हसू फुटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं.

परत आलो तेव्हा कुसाबाई आप्पांना सुनावत होती, "फुडच्या साली नीट करून घी. नायतर मी सोता जाईन नाशकाला."

मी आप्पांकडे बघितलं. म्हटलं, आता भडकणार. भडकलेच. "लय थोरली म्हणून मिरवू नको," ते म्हणाले. "तीनच वर्षांनी थोरली हाय तू."

"पाच!"

"तीन! आई सांगायची!"

"आईला काय माहीत?"

पंगत बसली, पानं वाढली, देवाचा जयजयकार झाला, तरी दोघांचं चालूच होतं. तीन का पाच.